पेट स्कॅन आणि जिवंत मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. डोस मोजायचा, शीर शोधायची, माणसाला टेबलावर नीट झोपवायचं आणि संगणकावर चित्र उभं करायचं, एवढं माझं काम. अहवाल डॉक्टर लिहितात. मागच्या गणपतीत आमच्या कॉलनीच्या मंडळाने मला ‘जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावतात कसं’ यावर बोलायला उभं केलं. आरतीची वेळ टळली, प्रसादाचा शिरा गार झाला, तरी प्रश्न थांबेनात. उरलेले प्रश्न ग्रुपवर आले आणि अजून येतात. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवते. तुमच्या घरच्या पेशंटचं काय करायचं ते मात्र त्यांच्या न्यूरोलॉजिस्टना विचारा. मी तपासण्या लिहून देत नाही, करते.

तपासणी मेंदूची आहे आणि डॉक्टरांनी ‘पेट स्कॅन’ लिहिलंय. चिठ्ठी चुकली का?

चिठ्ठी बरोबर आहे. हिंदी मुलखात राहतो त्याची ही गंमत. एक काका काउंटरवर हुज्जत घालत होते, “भिया, पेट तो एकदम ठीक है, दिमाग का लिखा था!” ‘पेट’ ही पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या नावाची आद्याक्षरं आहेत. पोटाशी त्यांचं काही नातं नाही.

एमआरआय झालाय, फिल्म पण आहे. मग हे आणखी कशाला?

एमआरआय म्हणजे वाड्याचा नकाशा: भिंती कुठे, कोणती खोली आकसली, कुठे ओल आलीय. चूल कुठल्या खोलीत पेटलीय आणि कुठली विझत चाललीय हे नकाशावर दिसत नाही. अल्झायमरसारख्या आजारात भिंती बऱ्याच काळ शाबूत असतात, चुली आधी मंदावतात.

दुसरा फरक बारकाव्याचा. एमआरआय प्रामुख्याने पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो आणि पाणी मेंदूत मुबलक आहे. पण डोपामिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या ग्राहींसारख्या (ते जिथे बसतं त्या पेशीवरच्या जागा) वस्तू इतक्या विरळ असतात की त्या शोधायला हाच मार्ग उपयोगी पडतो. आम्ही जो पदार्थ शिरेतून सोडतो त्याचं वजन बहुधा मायक्रोग्रॅममध्ये असतं. मिठाचा एक कण त्याच्यापुढे दांडगा. तरीही तो कुठे जाऊन बसला हे बाहेरून मोजता येतं, आणि इतका कमी असल्यामुळे मेंदूच्या कामात ढवळाढवळही करत नाही. ‘मॉलिक्युलर इमेजिंग’ किंवा रेणूंचं चित्रण म्हणतात ते हेच: एक रेणू निवडायचा, त्याला खूण बांधायची, आत सोडायचा आणि तो कुठे रमतो ते पाहायचं.

त्या इंजेक्शनात नक्की असतं काय?

नेहमीच्या मेंदूच्या तपासणीत एफडीजी. पूर्ण नाव फ्लुरोडिऑक्सिग्लुकोज. साधी साखर घ्यायची, तिच्या दुसऱ्या कार्बनवरची एक जागा बदलून तिथे फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू बसवायचा.

पुढचा भाग मला अजूनही आवडतो. पेशीच्या दारावरच्या वाहकाला ही साखर खरी वाटते, तो तिला आत घेतो. आत हेक्झोकायनेज नावाचं विकर तिच्यावर पहिला शिक्का मारतं. खऱ्या साखरेची पुढची वाट मोकळी असते, हिची बंद. जी जागा आपण बदलली नेमकी तीच पुढच्या पायरीला लागते. शिक्का बसल्यामुळे परत दाराबाहेरही पडता येत नाही. म्हणजे पाहुणा ओसरीवर आला, चप्पल काढून ठेवली, माजघराला कुलूप आणि चपलाही गायब. जिथे साखरेला मागणी जास्त तिथे असे अडकलेले पाहुणे जास्त. आम्ही ते मोजतो.

ही युक्ती अमेरिकेत लुई सोकोलॉफ यांच्या उंदरांवरच्या कामातून आली. माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिलं गेलं ऑगस्ट १९७६ मध्ये, फिलाडेल्फियात. औषध तयार झालं होतं लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत, आणि तिथून विमानाने आणलं होतं. आमची डोसची गाडी उशिरा आली की मी मनातल्या मनात त्या विमानाला नमस्कार करते.

आणि मशीनला ते बाहेरून कळतं कसं?

फ्लोरीन-१८ मोडताना एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. तो इलेक्ट्रॉनचा उलटा भाऊ. मिलिमीटरभर चालतो न चालतो तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघंही संपतात आणि त्यांच्या जागी दोन गॅमा किरणं बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात, प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. डोक्याभोवती स्फटिकांची कडी असते. समोरासमोरच्या दोन स्फटिकांवर काही नॅनोसेकंदांच्या आत टकटक झाली की संगणक म्हणतो, घटना या दोघांमधल्या रेषेवर कुठेतरी झाली. अशा लक्षावधी रेषा जमल्या की त्या जिथे दाटतात ते ठिकाण उमटतं.

त्यामुळे याला फोटो म्हणताना माझी जीभ अडखळते. हा जमाखर्च आहे, त्याला रंग दिलेला. नेहमीच्या यंत्राची नजर ४-५ मिलिमीटरची. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराची जाडी २ ते ४ मिलिमीटर असते हे लक्षात घ्या, म्हणजे चित्र थोडं फुगीर, पसरट का दिसतं ते कळेल. मेंदू आकसलेला असला तर कमी झालेला आकडा खरा किती आणि पातळ झालेल्या थरामुळे किती, हे डॉक्टर एमआरआय शेजारी ठेवूनच ठरवतात. जुनी फिल्म घरी विसरू नका म्हणतो ते याचसाठी.

उपाशी म्हणजे अगदी उपाशी? चहा-पोहे पण नाही?

नाही. साधारण ४ ते ६ तास पाण्याशिवाय काही नाही, आणि पाणीही साधं. मधुमेह असेल तर गोळी-इन्सुलिनचं वेळापत्रक आदल्या दिवशी फोन करून विचारा, स्वतःच्या मनाने काही करू नका.

इंदूरकरांना हे सांगणं किती अवघड आहे ते मलाच माहीत. सकाळी आठची वेळ दिलेले एक आजोबा आले, बोटांना अजून चिकटपणा होता. “पोहे नाही खाल्ले हो, तुम्ही नाही म्हणालात ना.” मग? “जिलबीचं एकच कडं. तोंड गोड करून निघालो, चांगल्या कामाला निघालो म्हणून.” साखर मोजली तर २३० च्या वर. रक्तात खरी साखर इतकी असली की दारावर तिचीच रांग लागते आणि आमच्या खुणेच्या साखरेला आत शिरायला वाव मिळत नाही. चित्र फिकट, धुरकट येतं, आणि त्यातही अल्झायमरसारखा दिसणारा भास होऊ शकतो. साखर १५०-१६० च्या खाली असलेली बरी. २०० च्या पुढे गेली की बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. आजोबा परत गेले, त्यांच्या नावाने मागवलेला डोस तसाच विझला. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही.

इंजेक्शन देऊन अंधाऱ्या खोलीत एकटं का बसवतात? आईला भीती वाटली.

आईंना सांगायला हवं होतं, ती आमची चूक. त्या अर्ध्या तासात मेंदू जे करतो तेच चित्रात छापलं जातं. टीव्ही पाहिला तर डोक्याच्या मागचा, पाहण्याचा भाग झगझगीत होतो. गप्पा मारल्या तर ऐकण्याबोलण्याचा. म्हणून इंजेक्शनच्या आधीपासून मंद उजेड, शांतता, मोबाइल बाहेर.

मी नवी असताना एका बाईंना कॅन्युला लावून खोलीत सोडलं आणि पांघरूण आणायला गेले. पदराखाली छोटा रेडिओसारखा डबा होता, हरिपाठ वाजवणारा. आवाज इतका बारीक की मला ऐकूच आला नाही. चित्रात कानांमागचे दोन्ही पट्टे बाकीच्या मानाने उठून दिसले. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, “यांना काय ऐकवत होतीस?” तेव्हापासून पदर, खिसे, पिशवी सगळं बघते.

आठवणी दिसतात का त्यात? विचार? माणूस खोटं बोलतोय हे?

रामबागेतल्या एक आजी आल्या होत्या. पेटबरोबर डोक्याचा सीटीही काढतात, त्यात धातूची चमक येते म्हणून कुड्या काढायच्या होत्या. फिरकी वर्षानुवर्षांची, गंजून बसलेली. खोबरेल लावून दहा मिनिटं मी ती हलवत होते तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, “सगळं दिसेल का गं तुम्हाला? म्हणजे मनातलं?” मी म्हटलं, “आजी, चूल पेटलीय एवढंच दिसतं. वर काय शिजतंय ते नाही दिसत.” त्या हसल्या आणि दुसरी फिरकी स्वतःच फिरवून दिली.

गंमत अशी की चुलीचा जाळही विचाराने फारसा वाढत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, खातो सुमारे २० टक्के ऊर्जा, आणि तीही रिकामटेकडा बसलेला असताना. १९५५ मध्ये सोकोलॉफ, सीमोर केटी आणि सहकाऱ्यांनी माणसांना तोंडी गणितं घालून अख्ख्या मेंदूचा ऑक्सिजनचा खर्च मोजला. मोजता येईल एवढा फरकच पडला नाही. नंतर पेटने भागाभागाचं मोजमाप शक्य झालं तेव्हा दिसलं की एखादं काम करताना त्या त्या भागात होणारी वाढ मूळ खर्चाच्या मानाने बहुधा थोडीच असते. सेंट लुईसच्या मार्कस रेक्ले यांच्या गटाने २००१ मध्ये पेटचेच आकडे पुढे ठेवून दाखवलं की काही भाग माणूस स्वस्थ पडलेला असताना जास्त कामात असतात आणि काम दिलं की उलट मंदावतात. परीक्षेच्या सकाळी मुलाच्या गळी ग्लुकोजचं पाणी उतरवणाऱ्या आयांनी हे जरूर वाचावं.

साखरेशिवाय आणखी काय काय पाहता येतं?

खरा खजिना इथेच आहे, आणि मंडळातल्या भाषणात नेमकं हेच सांगायचं राहिलं.

१९८३ पर्यंत जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामिनचे ग्राही कुणी पाहिले नव्हते. ग्राही म्हणजे पेशीवरची कुलपं, डोपामिन ही किल्ली. मरणोत्तर मेंदूचे काप घेऊन ती मोजायची, एवढंच जमत होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे हेन्री वॅग्नर यांनी कार्बन-११ ची खूण लावलेलं औषध स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं आणि स्वतःच्याच मेंदूतली ती कुलपं पडद्यावर पाहिली. त्याच वर्षी कॅनडात हॅमिल्टनला फ्लोरीनची खूण लावलेला डोपा (ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो तो रेणू) वापरून डोपामिन साठवणारी जागाही दिसली. डोपाच का? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली वेस डोपामिनला आत सोडत नाही, डोपाला सोडते. कंपवाताच्या गोळीत लेव्होडोपा असतो त्याचंही कारण तेच.

मग आलं रॅक्लोप्राइड. हा रेणू डी-२ प्रकारच्या कुलपात बसतो, पण सैलसर. आतलं खरं डोपामिन सुटलं की ते त्याला उठवून स्वतः बसतं. म्हणजे डोपामिन वाढलं की चित्रातला आकडा घटतो. लग्नाच्या पंगतीत यजमानाने आपली माणसं रिकाम्या पाटांवर बसवून ठेवावीत आणि वऱ्हाड आलं की उठवावीत, तसं. उठलेली माणसं मोजायची, वऱ्हाड किती आलं ते कळतं. या एका उलट्या हिशेबावर किती शोध उभे राहिले!

त्यातला एक मी पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी सांगते. २००१ मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांना औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं. रुग्णांना वाटलं, औषधही असू शकेल. रॅक्लोप्राइडचा आकडा घसरला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मेंदूने डोपामिन सोडलं होतं. ‘मनाचा खेळ’ म्हणून आपण जे उडवून लावतो तो खेळ रेणूंच्या पातळीवर मोजून दाखवला गेला.

मुलगा दिवसभर मोबाइलवर गेम खेळतो. डोपामिन वाढतं म्हणे. स्कॅन करून बघता येईल का?

हा प्रश्न तीन आयांनी आणि एका आजोबांनी विचारला. नाही, आणि करूही नका. निरोगी मुलाला त्यासाठी किरणोत्सारी इंजेक्शन कुणी देणार नाही.

बातम्यांमध्ये फिरणाऱ्या या गोष्टीचं एक मूळ १९९८ चं आहे. लंडनमध्ये ८ पुरुषांना रॅक्लोप्राइड देऊन रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला लावला, जिंकल्याचे पैसेही होते. खेळताना डोपामिन सुटल्याचं दिसलं. प्रयोग सुंदर होता. पण ८ मोठी माणसं, एक खेळ, एक दिवस. त्यावरून तुमच्या बाराव्या वर्षाच्या मुलाला व्यसन लागलंय असं निघत नाही. चांगलं जेवण, पैसे, गाणं, सगळ्याला डोपामिन हलतं. इथल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला गरम गराडू समोर आला की माझंही हलत असणार.

बाबा फार विसरतात. ‘अमायलॉइड पेट’ केलं की अल्झायमर आहे की नाही ते एकदाचं कळेल ना?

‘एकदाचं’ हा शब्द इथे चालत नाही.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटं साठतात. पूर्वी ती फक्त शवविच्छेदनानंतर, काप रंगवून दिसत. रंगवायला काय वापरत? काँगो रेड, थायोफ्लेविन. काँगो रेड हा मुळात सुती कापडाचा रंग. ज्यांच्या आजोबांनी इथल्या गिरण्यांमध्ये हात रंगवले त्यांना हे ऐकून बरं वाटेल. पिट्सबर्गचे विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी या रंगांच्या भाऊबंदांवर वर्षानुवर्षं काम केलं. अडचण एकच, रंगाचा रेणू मेंदूची वेस ओलांडत नव्हता, कारण त्याच्यावर विद्युतभार होता. थायोफ्लेविनमधून तो भार काढून, कार्बन-११ ची खूण बांधून जो रेणू झाला त्याचं नाव पिट्सबर्ग कंपाउंड बी. पहिला रुग्ण २००२ मध्ये स्वीडनच्या उप्सालात तपासला गेला, निबंध २००४ मध्ये आला: सौम्य अल्झायमरचे १६ रुग्ण आणि तुलनेला ९ जण. जिवंत माणसाच्या डोक्यातली पुटं पडद्यावर स्पष्ट दिसली. पुढे फ्लोरीन-१८ वाले भाऊ आले. त्यातल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली आणि टाउ या दुसऱ्या प्रथिनासाठीच्या फ्लॉरटाउसिपिरला २०२० मध्ये.

आता तुमचा प्रश्न. स्कॅनमध्ये अमायलॉइड नसेल, तर विसरण्याचं कारण अल्झायमर असण्याची शक्यता फार कमी होते. ही बाजू भक्कम. दुसरी बाजू तशी नाही. पासष्टीपुढच्या, डोकं ठणठणीत असलेल्या माणसांतही साधारण २० ते ३० टक्क्यांमध्ये पुटं सापडतात. त्यांतले कित्येक वसुलीचे हिशेब तोंडी करतात, सगळ्या नातवंडांचे वाढदिवस लक्षात ठेवतात. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ चा अर्थ माणूस समोर बसवून, त्याच्याशी बोलूनच लावायचा असतो. आणि थायरॉइड, बी-१२, ऐकू कमी येणं, झोपेच्या गोळ्या, नैराश्य या साध्या गोष्टी आधी पाहायच्या असतात.

लेकॅनेमॅब (अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता) आणि डोनानेमॅब (२०२४) ही पुटं घटवणारी औषधं आल्यापासून या स्कॅनचं काम वाढलंय. औषध सुरू करण्याआधी पुटं आहेत याची खात्री लागते. आजार थांबत नाही, थोडा सावकाश सरकतो, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव हे धोकेही आहेत. नातेवाइकांनी वर्तमानपत्रातली कात्रणं आणून माझ्यापुढे धरली की मला उत्तर देणं जड जातं.

साध्या एफडीजीनेही पुष्कळ कळतं बरं का. अल्झायमरमध्ये मागचे-बाजूचे भाग मंदावतात, फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या स्मृतिभ्रंशात कपाळामागचे आणि कानशिलामागचे, लेवी बॉडी प्रकारात अगदी मागचा पाहण्याचा भागसुद्धा. एकसारखा विसराळूपणा, तीन वेगळे नकाशे.

कंपवात आहे की नुसताच हात थरथरतो, हे कळतं का?

बहुधा कळतं. यासाठी पेटच हवं असंही नाही. टेक्नेशियम-९९एम लावलेलं ट्रोडॅट आपल्याकडे बरंच वापरतात, साध्या गॅमा कॅमेऱ्यावर होतं. हा रेणू डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या टोकांवर बसतो. निरोगी माणसाच्या चित्रात मेंदूच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिसतात. कंपवातात आधी शेपूट गळते आणि स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो. नुसत्या वंशपरंपरेच्या थरथरीत स्वल्पविराम शाबूत राहतात. मात्र कंपवाताच्या जवळचे काही आजार यात सारखेच दिसतात, ते वेगळे करायला आणखी तपासण्या लागतात.

मेंदूची गाठ एफडीजीत सगळ्यात ठळक दिसेल ना?

उलट लपते. मेंदू स्वतःच एवढा साखरखाऊ की गाठ म्हणजे अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या झगमगाटात एक पणती. त्यासाठी अमिनो आम्लांवर खूण लावलेले रेणू वापरतात. निरोगी मेंदू ते कमी उचलतो, गाठ जास्त.

नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया स्कॅनवरून ओळखता येतो?

एका माणसाच्या बाबतीत नाही. कुणी रंगीत चित्र दाखवून ‘हा बघा तुमचा डिप्रेशन’ म्हणालं तर नमस्कार करून उठा. मोठ्या गटांची सरासरी काढली की फरक दिसतात. एकेकट्यांचे आकडे मात्र एकमेकांत इतके मिसळलेले असतात की निदान करता येत नाही.

पण औषधांच्या बाबतीत या शोधांनी माणसांचं खरं भलं केलंय. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्कामध्ये लार्स फार्डे यांच्या गटाने औषध घेणाऱ्या रुग्णांच्या डोक्यातली कुलपं मोजली. साधारण ६५-७० टक्के डी-२ कुलपं औषधाने भरली की गुण येतो, ८० च्या वर गेलं की अंग आखडणं, थरथर सुरू होते. गुण आणि त्रास यांच्यामधली पट्टी किती चिंचोळी आहे ते आकड्यात कळलं आणि जुन्या काळचे दांडगे डोस का नकोत ते स्पष्ट झालं.

आपल्या इथे कॅट आहे, एवढं मोठं यंत्र आहे. मग इंजेक्शन बाहेरगावाहून का येतं?

अस्सल इंदुरी प्रश्न. कॅट म्हणजे स्कॅन नव्हे, इथलं सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. आता त्याचं नाव राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण २००५ मध्ये नाव बदललं तरी रिक्षावाल्याला ‘कॅट’ च सांगावं लागतं. तिथलं इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन. पावणेदोनशे मीटरच्या आसपास घेर, त्यात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात आणि वळताना जो प्रखर प्रकाश सांडतो तो पदार्थांच्या अभ्यासाला वापरतात. आम्हाला हवं असतं सायक्लोट्रॉन. खोलीएवढं, प्रोटॉनला दहा-वीस मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेणारं. ते प्रोटॉन ऑक्सिजन-१८ वाल्या महागड्या पाण्याच्या काही मिलिलिटरवर आदळतात आणि त्यातून फ्लोरीन-१८ मिळतो. नावं सख्ख्या भावांसारखी, धंदे वेगळे. वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट ही जोडी भारतात पहिल्यांदा आली ती २००२ मध्ये, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

आता घड्याळाचं सांगते. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. भोपाळपर्यंतचा रस्ता, चहा धरून, पावणेचार तास धरा: तिथे पोचेपर्यंत पाव उरेल. म्हणून निघताना जास्त भरून निघायचं, हिशेब जमतो. कार्बन-११ मात्र २० मिनिटांत निम्मा. देवासला तासाभरात पोचलात तर एक अष्टमांश हाती. त्यातच तो रेणूवर बसवून, शुद्ध करून, तपासूनही घ्यायचा असतो. त्यामुळे रॅक्लोप्राइड किंवा मूळ पिट्सबर्गचा रेणू हवा तर सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत लागतं. शोध मोजक्या शहरांत का होतात याचं निम्मं उत्तर या २० मिनिटांत आहे.

एकदा मिरवणुकीमुळे रस्ता अडला आणि आमचा शिशाचा डबा दीड तास गाडीत बसून राहिला. पाच जणांचा डोस तिघांपुरता उरला. कुणाला परत पाठवायचं हे मला ठरवायला लागलं. लांबून आलेल्यांना ठेवलं, शहरातल्यांना उद्या या म्हटलं. शहरातल्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लाल म्हणजे वाईट का?

रंग आम्ही देतो. तेच आकडे करड्या छटांतही दाखवता येतात. एफडीजीत लाल म्हणजे साखर भरपूर, अमायलॉइडमध्ये लाल म्हणजे पुटं भरपूर. चित्र गुगलवरच्या चित्राशी जुळवत बसू नका.

किरणं किती लागतात? घरात लहान मूल आहे.

मेंदूच्या एफडीजीला साधारण ५ मिलिक्युरी (डोसच्या किरणोत्साराचं माप), त्याचे सुमारे ३.५ मिलिसीव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या किरणांचं माप), वर सीटीचे थोडे. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे दीडेक वर्षाची नैसर्गिक शिधा एका दिवसात. गरज असेल तेव्हा रास्त, हौस म्हणून नको. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हजारातला एखादा हिस्सा उरतो, आणि फ्लोरीन मोडला की त्या जागी साधा ऑक्सिजन होतो, मग ती साखर जवळपास खरीच होऊन संपून जाते. गरोदर असाल, शंका असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शनच्या आधी सांगा. लाजून नंतर सांगितलेलं आम्हाला फार जड जातं.

संशोधनासाठी स्वतःहून जाता येतं का?

येतं. निरोगी माणसांशिवाय तुलना कुणाशी करणार? पण आधी नैतिकता समितीची मंजुरी आहे का ते विचारा, संमतिपत्र मराठीत किंवा हिंदीत मागा, घरी नेऊन वाचा. किती किरणं, काही भलतंच सापडलं तर कळवणार का, मधेच सोडता येईल का, हे तीन प्रश्न नक्की करा. सोडता यायलाच हवं. धमनीतून रक्त घेणार का तेही विचारा. काही रेणूंचा हिशेब त्याशिवाय पक्का लागत नाही, आणि मनगटातली ती सुई शिरेतल्या सुईपेक्षा जास्त दुखते. ‘मुंगी चावल्यासारखं’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

डोकं हललं तर?

पुन्हा करावं लागेल. खोकला असेल तर आधी सांगा. नाक खाजवायचं असेल तर तेही आधी.

झालं की लगेच खाता येईल का?

येईल. पाणी भरपूर प्या, दर थोड्या वेळाने लघवीला जा, बसून जा आणि दोनदा फ्लश करा. संध्याकाळपर्यंत तान्ह्या बाळाला कडेवर घेऊ नका आणि गरोदर सुनेच्या अगदी शेजारी बसू नका. बाहेर पडल्यावर डाव्या हाताच्या कोपऱ्यावर पोहेवाला आहे. त्या परत गेलेल्या आजोबांची तपासणी आठवड्याने नीट झाली तेव्हा ते थेट तिथेच गेले. जिलबीचं कडं कागदात बांधून माझ्यासाठीही घेऊन आले.